उतार डोळ्यांपुढे ठेवून बूट निवडा

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका डोंबिवलीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका असून त्यांचे वय 59 आहे. कॉलेजच्या दिवसांपासून त्या सह्याद्रीत हिंडत आल्या आहेत आणि जुन्या मैत्रिणींच्या गटाबरोबर महिन्याला एक गड हा त्यांचा नेम आहे. दोन वर्षांपूर्वी दोन्ही गुडघ्यांत झीज सुरू झाल्याचे निदान झाले. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी हाडही बाहेर आले आहे. डॉक्टरांनी चालणे थांबवू नका, मात्र उकिडवे बसणे टाळा, असे सांगितले आहे. मुलाने गेल्या वर्षी अमेरिकेहून येताना घोट्याच्या वर येणारे, पाणी आत न शिरणारे महागडे बूट आणले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्यांतला एकेक बूट 620 ग्रॅम भरला. ते घालून त्यांनी पावसाळ्यात राजगड केला, तेव्हा उतरताना गुडघे इतके दुखले की पुढचे चार दिवस घरचा जिना उतरणेही कठीण झाले. गटातली एक मैत्रीण स्पंजासारखे मऊ, नाडी नसलेले बूट घालते आणि तिला ते फार सुखाचे वाटतात. यजमानांचे मत, आता गड पुरेत. डिसेंबरात गटाने रायगड ठरवला आहे. त्या विचारतात: "सगळ्यांत हलके आणि सगळ्यांत मऊ बूट कोणते, त्याचे नाव सांगा. आणि मुलाने हौसेने आणलेले बूट घातले नाहीत तर त्याला वाईट वाटेल, त्याचे काय करू?"

नमस्कार.

तुमच्या प्रश्नात हलके आणि मऊ हे दोन शब्द जुळ्या भावंडांसारखे एकत्र आले आहेत. त्यांतल्या पहिल्याशी मी सहमत आहे, दुसऱ्याबद्दल मला शंका आहे. शिवाय पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे, ते म्हणजे गुडघे उतरताना दुखले. चढताना काही त्रास झाल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. बूट निवडण्याचा सगळा विचार मी तिथूनच सुरू करीन, कारण दुकानात गेल्यावर आपण बूट घालून गुळगुळीत फरशीवर चार पावले टाकतो, पायाला बरे वाटले की पैसे देतो, आणि ज्या उतारावर त्या बुटाची खरी परीक्षा व्हायची असते, तो उतार आपल्या डोळ्यांपुढे नसतोच.

उतारावर गुडघ्याला काय सोसावे लागते, याचा अंदाज देणारे एक मोजमाप आहे. जर्मनीतल्या संशोधकांनी पाच रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यात दाब मोजणारी उपकरणे बसवली आणि रोजच्या हालचालींत सांध्यावर प्रत्यक्ष किती भार येतो, ते 2010 मध्ये प्रसिद्ध केले. सपाटीवर चालताना तो भार शरीराच्या वजनाच्या सरासरी 261 टक्के, जिना चढताना 316 टक्के आणि उतरताना 346 टक्के भरला. म्हणजे 65 किलो वजनाची व्यक्ती पायऱ्या उतरते, तेव्हा प्रत्येक पावलाला एका गुडघ्यावर सुमारे सव्वादोनशे किलोचा भार येतो. निरोगी गुडघाही हे एकट्याने पेलत नाही. मांडीच्या पुढचे स्नायू ब्रेकसारखे काम करतात आणि धक्का शोषून घेतात. ते दमले की तोच धक्का थेट सांध्यात जातो. दिवसाच्या शेवटच्या तासात गुडघे बोलू लागतात, याचे एक मोठे कारण हेच आहे.

आता बुटाच्या वजनाकडे येऊ. पायात घातलेले वजन पाठीवरच्या वजनापेक्षा पाच-सहा पट दमवते, हे लष्करी जवानांच्या आणि गिर्यारोहकांच्या अनुभवाचे आहे आणि चालताना खर्च होणारी ऊर्जा मोजून केलेल्या प्रयोगांतही साधारण तसेच दिसून आले आहे. तुमच्या बुटांऐवजी 300 ग्रॅमचे बूट घातले, तर प्रत्येक पायामागे 320 ग्रॅम कमी होतात. दोन्ही पायांचे मिळून 640 ग्रॅम होतात. सॅकमधून सव्वातीन ते पावणेचार किलो काढून ठेवावेत, तेवढा हा फरक आहे. हे गणित दमण्याचे आहे, सांध्यावरच्या दाबाचे नव्हे, हे मात्र नीट लक्षात घ्यावे. हलका बूट घातल्याने गुडघ्यावरचा भार जादूने उतरत नाही. मांड्या उशिरा दमतात, म्हणून उताराला लागताना तुमचा ब्रेक शाबूत असतो, एवढाच त्याचा उपयोग आहे, आणि तो पुष्कळ आहे. बाजारात ट्रेल रनिंगचे, म्हणजे डोंगरवाटांवर धावण्याचे, म्हणून मिळणारे बूट साधारण 250 ते 350 ग्रॅमचे असतात, घोट्यापर्यंतचे ट्रेकिंगचे बूट 450 ते 600 ग्रॅमचे, आणि जाड कातडी बूट त्याहूनही जड. डब्यावर किंवा माहितीत लिहिलेले वजन एका बुटाचे आहे की जोडीचे, ते विचारून घ्या, कारण दोन्ही पद्धती चालतात. स्त्रियांच्या मापात 350 ग्रॅमच्या आतला एक बूट, ही तुमच्यासाठी समाधानकारक मर्यादा आहे. त्याहूनही हलके शोधत बसू नका, कारण तिथून पुढे वजन कमी होते ते बहुतेक वेळा तळव्याच्या आणि टाचेच्या मजबुतीतून.

मऊपणाबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण तुमच्या मैत्रिणीसारखे मत असलेले लोक फार आहेत, आणि शास्त्रालाही हा प्रश्न सहज सुटलेला नाही. शिकागोतल्या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवले की, गुडघ्याची झीज झालेले लोक नेहमीचे बूट घालून चालण्यापेक्षा अनवाणी चालले, तर गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येणारा भार सुमारे 12 टक्क्यांनी कमी होतो. तेव्हापासून सपाट, लवचीक, पायाला मोकळे सोडणारी पादत्राणे गुडघ्यांना चांगली, असा विचार पुढे आला आणि तो तर्काला धरूनच होता. पण 2021 मध्ये मेलबर्नमधल्या संशोधकांनी पन्नाशीपुढच्या 164 रुग्णांवर प्रत्यक्ष चाचणी घेतली. अर्ध्या लोकांना सपाट लवचीक बूट दिले, अर्ध्यांना घट्ट टाचेचे, आधार देणारे, न पिळवटणारे बूट दिले, आणि सहा महिने ते रोज वापरायला सांगितले. दुखणे जाणवण्याइतके कमी झाले असे सांगणारे लोक सपाट बुटांच्या गटात 40 टक्के होते आणि आधाराच्या बुटांच्या गटात 58 टक्के. त्या लोकांची झीज तुमच्यापेक्षा पुढच्या टप्प्यातली होती आणि ते डोंगरात नव्हे, रोजच्या आयुष्यात ते बूट वापरत होते, म्हणून हे आकडे जसेच्या तसे तुम्हाला लागू करणे योग्य होणार नाही. तरीही, ज्या बुटाने सपाट रस्त्यावरही पायाला आधार देऊन फायदा केला, तो गुण दगडगोट्यांच्या वाटेवर अनावश्यक ठरेल, असे मला वाटत नाही.

तुमच्या मैत्रिणीच्या बुटांत नेमके काय घडते, ते पाहा. स्पंजासारख्या तळव्यावर पाऊल ठेवले की पाय खाली दबतो आणि दबताना कोणत्या बाजूला कलेल याचा नेम नसतो. सपाट फरशीवर हे झोपाळ्यासारखे सुखाचे वाटते. तिरक्या दगडावर तोच कल घोट्याला आणि त्यामागून गुडघ्याला सावरून घ्यावा लागतो, आणि झिजलेल्या गुडघ्याला सरळ भारापेक्षा अशी पिळवटणारी हालचाल अधिक त्रास देते. नाडी नसल्यामुळे उतारावर पाय बुटात पुढे घसरतो तो वेगळाच. त्या बाईंना ते बूट सुखाचे वाटतात यावर माझा विश्वास आहे. बाजारातून भाजी आणायला किंवा बागेत फिरायला त्यांनी ते खुशाल वापरावेत.

दुकानात बूट हातात घेतल्यावर, पायात घालण्याआधी, तीन गोष्टी करून पाहा. दुकानदार विचित्र नजरेने पाहील, त्याची पर्वा करू नका. टाचेला मागून वेढणारा भाग अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून दाबा. तो सहज चेपला जाता कामा नये. मग बूट दोन्ही हातांत धरून ओला पंचा पिळतात तसा पिळून पाहा. तो थोडा वळेल, पण मधोमध पीळ पडणारा बूट परत ठेवून द्या. शेवटी पुढचा भाग वर दाबा. बूट जिथे आपली बोटे मुडपतात त्या रेषेवर वाकला पाहिजे. तळव्याच्या कमानीपाशी घडी पडत असेल, तर तो बूट घराजवळच्या फिरण्यापुरता ठीक आहे. ह्या तीन कसोट्यांना उतरलेल्या बुटात पायाखाली मऊपणाचा एखादा बेताचा थर असला तर माझी काहीच हरकत नाही. उलट तो हवाच, कारण आपला कातळ कठीण असतो. फार जाड, दोन-दोन इंची तळव्याची जी फॅशन अलीकडे आली आहे, तिच्यापासून मात्र दूर राहा. पाऊल जमिनीपासून जितके उंच, तितके मुरगळण्याचे भय अधिक. टाचही पंज्यापेक्षा फार उंच नको.

यानंतर घोट्याच्या उंचीचा प्रश्न. घोट्याच्या वर येणारा बूट सांध्यांना जपतो ही समजूत इतकी पक्की आहे की तुमच्या मुलाने तिच्यावर विसंबून पैसे खर्च केले, यात त्याची चूक नाही. असा बूट घोट्याला थोडे जपतो खरा. पण घोटा हाही उतारावर धक्का शोषणारा सांधा आहे. त्याला कडक कातड्यात बांधून टाकले की त्याच्या वाट्याचे वाकण्याचे काम वरच्या सांध्याकडे, म्हणजे गुडघ्याकडे जाते. ज्यांचा घोटा वारंवार मुरगळतो, त्यांना उंच बूट घेण्याचे कारण आहे. तुम्ही घोट्याची काही तक्रार लिहिलेली नाही. तेव्हा तुमच्यासाठी घोट्याखालचाच बूट बरा. अगदीच आधाराशिवाय वाटत असेल, तर घोट्याला जेमतेम झाकणारा, वरचा भाग मऊ असलेला बूट घ्या.

पाणी आत न शिरण्याच्या गुणाबद्दल बोलायचे, तर तो गुण थंड देशांतला आहे. तिथे बारीक पाऊस, दवाने भिजलेले गवत किंवा बर्फ असते आणि पाय ओला झाला तर गारठतो. आपल्या पावसाळ्यात पाणी वरून, पँटवरून ओघळत, मोज्यातून बुटात उतरते, ओढा ओलांडताना तर घोटाभर पाणी थेट आत जाते. पाणी आत न येऊ देणारा पडदा मग ते बाहेरही जाऊ देत नाही. राजगडाच्या त्या उतारावर तुमचा 620 ग्रॅमचा बूट भिजून किती ग्रॅमचा झाला असेल, याचा विचार करा. पावसाळ्यासाठी जाळीदार कापडाचा, पाणी जसे आत येते तसे निथळून जाणारा बूट उत्तम. आणि डिसेंबरातल्या रायगडावर तर पाण्याचा प्रश्नच नाही.

माप घेण्याबाबत मी स्वतःच्या मूर्खपणाची शिक्षा भोगली आहे. काही वर्षांपूर्वी सकाळी दुकान उघडताच जाऊन, घरी घालते तसे पातळ सुती मोजे घालून, पायाला चापून बसणारे बूट मी घेतले आणि पुढच्याच रविवारी तोरणा उतरताना दोन्ही अंगठ्यांची नखे काळीनिळी करून घेतली. दिवसभरात पाय थोडा सुजतो, चालताना अधिक सुजतो, म्हणून बूट संध्याकाळी घ्यावेत. ट्रेकला घालणार तेच मोजे घालून जावे, आणि ते सुती नसावेत. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि फोड आणतो. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. दुकानात उतरती फळी असेल तर तिच्यावरून उतरून पाहा, नसेल तर जिन्यावरून उतरा. बोटे पुढे आपटली, तर नाडी नीट बांधून पुन्हा पाहा, आणि तरीही आपटली तर तो बूट तुमचा नाही. नाडी बांधण्यातही थोडे कसब आहे. पंज्यावर ती सैल ठेवायची आणि सर्वांत वरच्या दोन भोकांतून त्याच बाजूला छोटा फास करून समोरच्या बाजूची नाडी त्यातून ओवून घट्ट करायची, म्हणजे टाच मागे पक्की बसते आणि पाय पुढे सरकत नाही. दोन भोके रिकामी सोडण्याची आपली सवय उतारावर महाग पडते.

अंगठ्याच्या बुडाशी बाहेर आलेले हाड हा तुमच्या बाबतीत गुडघ्याइतकाच मोठा मुद्दा आहे. अंगठा दुखला की माणूस नकळत पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालू लागतो, आणि ती वेडीवाकडी चाल गुडघ्याला भोवते. स्त्रियांसाठी म्हणून विकले जाणारे बूट बऱ्याचदा पंज्यात निमुळते असतात. तेव्हा संकोच न करता पुरुषांच्या विभागात जा. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश मापात स्त्री-पुरुषांचे आकडे एकच असतात, आणि त्याच आकड्याचा पुरुषांचा बूट सहसा रुंद मिळतो. अमेरिकेत तसे नसते; तिथला बायकांचा 7 हा आपल्याकडचा साधारण 5. मुलाने आणलेल्या बुटांवरचा आकडा पाहून इथे माप सांगाल, तर फसाल. भारतीय पावले परदेशी साच्यांपेक्षा रुंद असतात, हे चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने लाखभर लोकांची पावले मोजून सांगितले आहे आणि त्यावरून आपली स्वतःची मापपद्धत आणण्याचा प्रस्तावही मांडला गेला आहे. ती दुकानात पोचेपर्यंत रुंदी आपणच पाहायची. बुटातले आतले अस्तर-तळवे बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्यांच्यावर अनवाणी उभ्या राहा. पाऊल कडेबाहेर सांडत असेल, तर बूट कितीही सुंदर असला तरी त्या हाडाला तो घासणारच. डॉक्टरांनी वेगळे तळवे बनवून दिले असतील, तर ते बरोबर न्या आणि त्यांच्यासह माप पाहा.

पकड कशी पाहावी, हे तुमच्यासारख्या मुरलेल्या भटकीला मी काय सांगावे. तरी नवख्या वाचकांसाठी लिहिते. सह्याद्रीतल्या वाटा म्हणजे कुठे कातळ, कुठे मुरूम, कुठे घसारा म्हणजे सुट्या खड्या-मातीचा घसरता उतार, आणि पावसाळ्यात सगळ्यावर चिखल. मुरूम आणि घसाऱ्यासाठी तळाचे खाचे चार-पाच मिलिमीटर खोल आणि एकमेकांपासून दूर हवेत, म्हणजे त्यांत माती अडकून बसत नाही. कातळासाठी रबर मऊ, नखाने किंचित दबणारे हवे. दोन्ही गुण एकत्र असलेले बूट महागच असतात असे नाही. "ॲक्शन"चे साधे ट्रेकिंग बूट कितीतरी वर्षे सह्याद्रीतल्या पोरांच्या पायांत दिसत आले आहेत ते त्यांच्या पकडीमुळेच. त्यांत धक्का शोषणारा थर मात्र बेताचा असतो, म्हणून झिजलेल्या गुडघ्यांसाठी मी ते सुचवणार नाही. शेवाळावर कोणतेही रबर टिकत नाही. तिथे पाऊल न ठेवणे हाच उपाय आहे. नेमके नाव तुम्ही मागितले होते, ते मी देत नाही, कारण एकाच कंपनीचे दोन बूट वेगवेगळ्या साच्यांवर बनतात आणि माझ्या पायाला बसलेला तुमच्या अंगठ्याला बसेल याची हमी मी घेऊ शकत नाही.

जुन्या बुटांबद्दल एक सावधगिरी इथेच सांगून टाकते. जाड बुटांच्या तळात अनेकदा पॉलियुरेथेनचा थर असतो. दमट हवेत तो आतल्या आत कुजत जातो, मग बूट वापरलेले असोत वा नसोत. माळ्यावर पाचसहा वर्षे जपून ठेवलेली माझी एक जोडी मी मोठ्या प्रेमाने काढली आणि गडाच्या पहिल्याच टप्प्यावर तिचा तळ खारी बिस्किटासारखा भुगा होऊन वाटेवर पडला. मुंबई-कोकणच्या हवेत तर हे लवकर होते. हलक्या बुटांतला फोम असा कुजत नाही, पण तो दबतो. साधारण पाच-सातशे किलोमीटर चालल्यावर वरून बूट नवा दिसला तरी आतला आधार गेलेला असतो. म्हणून ट्रेकचे बूट रोज बाजारात घालून झिजवू नका.

इतर सांध्यांची तक्रार असलेल्या वाचकांना यांतले सगळेच लागू नाही. ज्यांच्या पायाच्या अंगठ्याचा सांधाच आखडला आहे, वाकवला की दुखतो, त्यांना वाकणारा बूट नको. त्यांना तळ कडक आणि पुढून होडीसारखा किंचित वर वळलेला बूट मानवतो, कारण त्यात अंगठा न वाकवता पाऊल पुढे लोटले जाते. आमवाताने हातांची बोटे आखडणाऱ्यांनी नाडीऐवजी ओढून अडकवायची दोरी किंवा चिकटपट्टी पाहावी आणि आतली शिवण बोटांवर येत नाही ना, हे हात घालून तपासावे. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी "बरे वाटते" या भावनेवर अजिबात विसंबू नये, नजरेनेच माप ठरवावे आणि प्रत्येक विसाव्याला बूट काढून पाय पाहावा. गुडघा बदललेल्यांनी आधी शल्यविशारदांना विचारावे. आणि तुमच्यासह सर्वांनी हे पाहावे: गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल, अचानक दगा देत असेल किंवा रात्री स्वस्थ पडल्यावरही ठणकत असेल, तर बुटांच्या दुकानात जाण्यापूर्वी डॉक्टरांकडे जायला हवे.

तुमच्या पत्रात न विचारलेली, पण बुटांहून अधिक उपयोगाची एक गोष्ट आहे, ती म्हणजे काठ्या. अनेकवचन मुद्दाम वापरले आहे. दोन काठ्या टेकत उतरल्यास गुडघ्यावरचा भार 12 ते 25 टक्क्यांनी घटतो, असे 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. कोणताही बूट एवढे करत नाही. कोपर काटकोनात राहील इतकी लांबी सपाटीला ठेवावी आणि उताराला लागताना ती पाच-दहा सेंटिमीटरने वाढवावी. घडीच्या काठ्या आवडत नसतील, तर कारवीच्या दोन सरळ काठ्याही चालतील. काठी म्हणजे म्हातारपण असे वाटून आपल्याकडच्या कित्येक बायका ती सॅकला बांधून ठेवतात आणि गुडघे धरून बसतात. यजमानांच्या "आता पुरे" या बोलण्याला मी असे उत्तर देईन की, झीज झालेल्या गुडघ्याला बसून राहणे मानवत नाही. तुमच्या डॉक्टरांनीही चालायला सांगितले आहे. त्यांच्याकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून मांडीचे व्यायाम शिकून घ्या आणि डिसेंबरपर्यंत ते रोज करा. यजमानांच्या काळजीतही तथ्य आहे, ते एवढेच की राजगडासारखा दिवस आता पूर्वीच्या पद्धतीने काढता येणार नाही. गुंजवण्याच्या बाजूने चोरदरवाजाने उतरण्याऐवजी पाली दरवाजाच्या रुंद पायऱ्यांनी उतरणे, सॅक हलकी करणे, अंधार पडायच्या घाईत न उतरणे, हे बदल गटातल्या इतरांच्याही गुडघ्यांना लागणारच आहेत.

मुलाच्या बुटांचे काय करावे? तुम्ही ते घालत राहिलात आणि वर्षभरात गड बंद झाले, तर त्याला अधिक वाईट वाटेल. त्याला फोनवर सरळ सांगा की हे बूट थंडीचे आहेत, मी ते तुझ्याकडे येईन तेव्हा घालीन, आणि तोवर इथल्या उतारांसाठी मला हलके घ्यायचे आहेत. काट्यावरचा 620 हा आकडाही सांगा. आपल्या भेटीत खोट काढली असे वाटण्यापेक्षा, आईने बूट वजन करून पाहिले याचे त्याला हसूच येईल. ते बूट मापात सैल असतील आणि घोट्याची तक्रार असलेली एखादी मैत्रीण असेल, तर त्याला विचारून तिला देता येतील. माळ्यावर मात्र टाकू नका, कारण तिथे त्यांचे काय होते ते वर लिहिले आहे.

आता रायगड. नवे बूट निदान तीन आठवडे आधी घ्या आणि पहिले काही दिवस घरातच घाला, म्हणजे बसले नाहीत तर बदलून घेता येतील. घेतानाच तशी सोय आहे का ते विचारा आणि पावती ठेवा. नंतर ते घालून, सॅक पाठीवर घेऊन, इमारतीचा जिना आणि स्टेशनचा पादचारी पूल चढा-उतरा. शेजारी हसतील. ज्या जागी घासते ती जागा डोंबिवलीत कळलेली बरी. प्रत्यक्ष गडावर चित दरवाजाकडून पायऱ्यांनी चढा, काठ्यांना खाली रबरी टोप्या लावा म्हणजे दगडी पायऱ्यांवर त्या सरकणार नाहीत, आणि उतरताना रोपवेने उतरा. चढण्याचे श्रम आणि आनंद दोन्ही तुमच्या पदरात पडतील आणि हजाराहून अधिक पायऱ्यांचा तो 346 टक्क्यांचा हिशेब गुडघ्यांना चुकवता येईल. गटात आणखी दोघीतिघी मनातून हेच इच्छित असतील, पण पहिल्याने बोलायचे कोणी म्हणून गप्प असतील. रोपवेचे खालचे स्थानक हिरकणीवाडीला आहे, तुम्ही चढायला सुरुवात कराल तिथे नाही, तेव्हा गाडी आधीच तिकडे पाठवायला सांगा. सुट्टीच्या दिवशी रोपवेला मोठी रांग असते. शक्य असेल तर मधल्या वारी जा, नाहीतर गड पाहून झाल्यावर रांगेत उभे राहण्यापेक्षा वर पोचताच उतरण्याच्या तिकिटाची चौकशी करा.